गोवा : सुटीत पाहावा की न पाहावा?

सुटी जवळ आली म्हणजे घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कोठे जावयाचे? गोव्याचे नाव निघताच पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. कोणी म्हणतात, "तो चैनी लोकांचा मुलूख, तेथे मुलांना नेऊन काय शिकवावयाचे?" दुसरे म्हणतात, "एवढेसे ते राज्य! दोन दिवसांत पाहून संपते. त्यासाठी खर्च कशाला?" मध्यम स्थितीच्या कुटुंबास वर्षातून एकदाच प्रवास परवडतो. तेव्हा हे दोन्ही आक्षेप हसून सोडून देण्याजोगे नाहीत.

दुसरा आक्षेप आधी पाहू. गोवा लहान आहे, यात संशय नाही. त्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर. म्हणजे शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही ते लहान. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची रुंदी सुमारे 60 किलोमीटर. परंतु प्रवाशास हे लहानपण सोयीचेच आहे. विस्तीर्ण प्रांतात गेलेल्या मनुष्याची निम्मी सुटी आगगाडीच्या खिडकीशी जाते. गोव्यात मात्र सबंध राज्याचा नकाशा मुलास मनात धरता येतो. डोंगर, नदी, खाडी, शेत व समुद्र यांचा परस्परसंबंध त्याने भूगोलात पाठ केलेला असतो. तो येथे चार दिवसांत डोळ्यांनी पडताळता येतो.

यासाठी किनाऱ्यावरच मुक्काम ठोकून चालणार नाही. डोंगराकडून समुद्राकडे यावे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, दाट रानात, तांबडी सुर्ला येथे कदंबांच्या काळचे महादेवाचे देऊळ आहे. गोव्यात जिकडेतिकडे तांबडा जांभा दिसतो. हे देऊळ मात्र काळ्या दगडाचे. तो दगड घाटावरून आणला असावा, असे जाणते सांगतात. तो या रानात कसा आणला असेल, हा प्रश्न मुलांनी स्वतःस विचारून पाहावा.

पुढे फोंड्याकडे आले म्हणजे मंगेशीचे देऊळ व त्याची उंच दीपमाळ दिसते. या देवाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात देवळांवर संकट आले, तेव्हा 1560 साली भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळास नेला. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय सुरू झाले. ते कायमचे बंद होण्यास 1812 साल उजाडावे लागले. आम्ही ख्रिस्ती शिक्षकांनी तरी ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. ज्या धर्माचा पाया प्रीती, त्याच्या नावाने सक्ती झाली हे सांगितल्याने धर्मास उणेपणा येत नाही. झाकून ठेवल्याने मात्र येतो.

तेथून जुने गोवे फार दूर नाही. येथील बॉम जेझू चर्च 1605 साली पुरे झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तेथे आहेत. येथील चर्चे व मठ यांची गणना 1986 पासून जागतिक वारशात होते. हिंदुस्थानातील पहिला छापखाना 1556 साली गोव्यातच सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज मिशनरी 1579 साली येथे आले, येथील लोकांची भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. एकाच भूमीत, एकाच काळात, कोणी देऊळ पाडले व कोणी परक्या भाषेवर जीव जडवून ओवी रचली. या दोन्ही गोष्टी ज्याने एका सहलीत पाहिल्या, तो इतिहासाविषयी उतावळेपणाने निकाल देणार नाही.

जुन्या गोव्यासमोर, मांडवीच्या पात्रात, दिवाडी व चोडण ही बेटे आहेत. फेरीबोटीने तेथे जावे आणि खाजण शेती पाहावी. भरतीचे खारे पाणी ज्या सखल जागेत शिरे, तेथे पूर्वजांनी मातीचे बांध घातले व त्यांत लाकडी झडपांची दारे बसविली. यास मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी ती उघडून बाहेर पडते. अशा रीतीने एकाच जमिनीत भात पिकते व मासळीही मिळते. ज्या विद्यार्थ्यास पदार्थविज्ञान रुक्ष वाटते, त्याने येथे एक भरती-ओहोटी बसून पाहावी.

आता पहिला आक्षेप. मद्य स्वस्त आहे, पणजीसमोर नदीत जुगाराच्या नौका उभ्या असतात, हे खरे. परंतु सकाळी सायकलवरून पाव विकणारा पोदेर, शेतात राबणारी बाई व बांध सांभाळणारा शेतकरी हेही गोव्याचेच. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपण रोज उच्चारतो. ते पोर्तुगीज भाषेतून आले. काजू व मिरचीही त्याच लोकांनी समुद्रापलीकडून आणली. तेथे गेल्याने आपल्याच घरातील वस्तूंची कुळकथा कळते. वाईट ते टाळून चांगले पाहणे, हे शिक्षणही मुलांना कधी तरी द्यावेच लागते. आईबाप बरोबर असताना ते दिलेले बरे.

तेव्हा माझे मत असे : ज्यांस दोन दिवस वाळूत लोळून छायाचित्रे काढावयाची आहेत, त्यांनी खर्च वाचवावा. ज्यांस चार-पाच दिवस देता येतील, त्यांनी अवश्य जावे. नाताळाची गर्दी व महागाई टाळून दिवाळीच्या सुटीत जावे. तेव्हा पाऊस सरलेला असतो, पण ओढे आटलेले नसतात. आणि जावे ते पाहुण्याच्या मर्यादेने. लहान घरात पाहुणे फार झाले की यजमानाची ओढाताण होते. लहान राज्याचेही तसेच आहे. पाणी जपून वापरावे, कचरा आपल्याबरोबर परत आणावा, कोणाच्या दारात न विचारता शिरू नये. यजमानास पुन्हा बोलवावेसे वाटेल, असे वागून परतणारा विद्यार्थीच सुटीत खरे काही शिकला, असे मी समजेन.