समग्र धारप : सहवाचनाचा एक अनुभव आणि काही प्रश्न

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात 'समग्र' हा शब्द आपण मोजक्याच लेखकांसाठी राखून ठेवलेला आहे. केशवसुत समग्र वाचावेत, मर्ढेकर समग्र वाचावेत, याविषयी दुमत नसते. नारायण धारप (१९२५-२००८) समग्र वाचावेत असे कोणी म्हटले, तर ऐकणारा प्रथम हसतो आणि मग 'लहानपणी आम्हीही वाचत असू' असे सांगून विषय बदलतो. गेली तीन वर्षे आम्ही पाच स्नेही महिन्यातून एकदा जमून धारपांची पुस्तके एकामागून एक वाचीत आहोत. या वाचनाच्या ओघात आपल्या अभ्यासपद्धतीविषयी काही प्रश्न मनात उभे राहिले. ते विद्यार्थ्यांपुढे व अध्यापक मित्रांपुढे मांडावेत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. धारप हे श्रेष्ठ लेखक होते असे सिद्ध करण्याचा येथे प्रयत्न नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमच्या पाच जणांत एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, एक इंग्रजीचे अध्यापक, एक बँकेत नोकरी करणारे माझे महाविद्यालयीन मित्र, एक माझी पूर्वीची विद्यार्थिनी आणि मी. प्रत्येकाने महिन्याभरात दोन पुस्तके वाचून यावे, आणि एकाने थोडक्यात टिपण वाचावे, असा साधा नियम आम्ही ठरविला होता. तो नेहमीच पाळला गेला असे नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आमच्यापैकी दोघांनी स्पष्टच सांगितले की, आता कंटाळा आला आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून पुष्कळ शिथिल, घाईचे आणि स्वतःचीच नक्कल करणारे लेखन होणारच. तरीही आम्ही वाचन थांबविले नाही. कंटाळा नेमका कशाचा आला आहे, या प्रश्नावर त्या दिवशी जी चर्चा झाली, तीच आजवरच्या सर्व बैठकींतील सर्वांत फलदायी चर्चा ठरली.

आपली विद्यापीठीय समीक्षा प्रामुख्याने एकेका कृतीची समीक्षा आहे. लेखकाची एक 'प्रातिनिधिक' कृती निवडावी, तिची संहिता बारकाईने तपासावी आणि त्यावरून लेखकाविषयी निष्कर्ष काढावेत, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत आहे. आयुष्यभरात पाच-सहा कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी चालून जाते. धारपांच्या बाबतीत ती कशी फसते ते पाहण्यासारखे आहे. 'लुचाई' निवडली, तर धारप हे स्टीफन किंगचे रूपांतरकार ठरतात. समर्थांची एखादी कथा निवडली, तर ते श्रद्धेचे समर्थक ठरतात. 'नेनचिम' निवडली, तर ते विज्ञानकथाकार होतात. तिन्ही निष्कर्षांना पुस्तकांत आधार सापडतो, परंतु त्यांपैकी कोणताही एक निष्कर्ष या लेखकाला पुरत नाही. विपुल लेखन करणाऱ्या लेखकाचे स्वरूप एका कृतीत साठलेले नसते. ते अनेक कृतींतील पुनरावृत्तीत आणि त्या पुनरावृत्तीत हळूहळू होणाऱ्या फरकांत असते.

पुनरावृत्ती हा आपल्या समीक्षेत दोषवाचक शब्द आहे. ज्या संस्कृतीने कीर्तनासारखा प्रकार शतकानुशतके जोपासला, तिच्या समीक्षेत तो इतका निखालस दोषवाचक असावा, याचे मला आता नवल वाटते. उत्तररंगातील आख्यान श्रोत्याला पाठ असते. तरी तो येतो, कारण आजचे बुवा ते कसे लावतात हे त्याला ऐकायचे असते. धारपांचा नियमित वाचकही काहीसा याच वृत्तीचा होता, असे आमच्या ग्रंथपाल मित्रांचे अनुभवान्ती झालेले मत आहे. त्यांच्याकडे येणारे सभासद विशिष्ट पुस्तक मागत नसत. 'धारपांचे नवीन काही आहे का' असे विचारीत आणि नसल्यास वाचलेलेच पुन्हा नेत. वाचकाचा हा व्यवहार समजून घेण्याची साधने आपल्या समीक्षेकडे आहेत का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न रूपांतराचा. 'लुचाई'च्या मागे किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आहे आणि 'शपथ'च्या मागे 'इट' (१९८६), हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे. आमचे इंग्रजीचे मित्र मूळ कादंबऱ्या शेजारी ठेवूनच बसत असत, आणि आरंभी त्यांचा सूर फिर्यादीचा होता. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. ऋणनिर्देश हा नैतिक प्रश्न आहे आणि लोकप्रिय लेखकाला त्यातून सूट देण्याचे कारण नाही. पण याच आपल्या अभ्यासक्रमात 'हॅम्लेट'वरून आगरकरांनी केलेले 'विकारविलसित' (१८८३) आणि 'ऑथेल्लो'वरून देवलांनी बेतलेले 'झुंझारराव' (१८९०) आपण रूपांतराचे नमुने म्हणून आदराने शिकवितो. तेथे विद्यार्थ्याला आपण काय विचारतो? मूळ कथेचे येथील मातीत काय झाले, असे विचारतो. धारपांच्या बाबतीत मात्र आपली चौकशी 'कोठून घेतले' एवढ्यावरच संपते.

ही चौकशी थोडी पुढे नेली तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण देते. धारपांच्या भयाची सामग्री बरीचशी पाश्चात्त्य आहे. किंगखेरीज लव्हक्राफ्टची छायाही तीत दिसते. मानवाच्या आधीपासून असलेल्या, आपल्या परिमाणाबाहेरून येऊ पाहणाऱ्या शक्तींची कल्पना आपल्या भुताखेतांच्या लोकपरंपरेतून आलेली नाही. 'अनोळखी दिशा' या शीर्षकातच तिचा निर्देश आहे. परंतु या भयाचे निवारण करण्यासाठी धारप जो पुरुष उभा करतात, त्याचे नाव 'समर्थ' असते. हे नाव ऐकताच मराठी मनात रामदास आणि अक्कलकोटचे स्वामी या दोहोंच्या स्मृती जाग्या होतात. भय परके आणि निवारण घरचे, अशी ही जोडणी आहे. 'सेलम्स लॉट'मध्ये धर्मोपदेशकाची श्रद्धाच ऐन वेळी अपुरी पडते आणि गाव वाचत नाही. समर्थकथांच्या वाचकाला मात्र कोणीतरी येईल असा भरवसा असतो. या भरवशामुळे भयकथेची धार बोथट होते, असे इंग्रजीच्या मित्रांचे मत. या भरवशासाठीच त्या काळचा मध्यमवर्गीय वाचक या कथांकडे वळत होता आणि म्हणून तो सांस्कृतिक इतिहासाचा पुरावा आहे, असे माझे मत. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु दोन्ही मते समोरासमोर आल्यामुळेच मूळ कादंबरी आणि मराठी कथा आम्ही पुन्हा उघडल्या. एकटीने वाचताना मी तसे केले नसते, हे कबूल केले पाहिजे.

सहवाचनाचे दुसरे फळ याहून अनपेक्षित होते. एका बैठकीत माझ्या विद्यार्थिनीने टिपण न वाचता फलकावर दोन रकाने आखले आणि फक्त नावे लिहिली. एका बाजूला 'चेटकीण', 'काळी जोगीण'. दुसऱ्या बाजूला समर्थ, जयदेव, पंत, कृष्णचंद्र. संकटाला शीर्षकातच स्त्रीचे नाव मिळते आणि संकटनिवारक पुरुष असतात, हे तिचे निरीक्षण. सर्वच पुस्तकांना ते लागू पडत नाही, हे तिनेच सांगितले. तरीही मी अस्वस्थ झाले. शाळेत असल्यापासून मी ही पुस्तके वाचीत आले होते आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ध्यानात न येण्याचे कारण उघड आहे. ज्या पुस्तकांना आपण अभ्यासाचा विषयच मानीत नाही, ती आपण अभ्यासकाच्या नजरेने वाचीत नाही. आणि त्यांतील संस्कार मात्र बिनतक्रार आत घेतो. लोकप्रिय साहित्य अभ्यासाबाहेर ठेवल्याने अभिरुचीचे रक्षण होते, ही आपली समजूत या ठिकाणी मुळापासून तपासावी लागेल.

या विद्यार्थिनीचा आणखी एक संदर्भ येथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी, एम.फिल.चा अभ्यासक्रम चालू असताना, तिने धारपांच्या कथाविश्वावर प्रबंधिका लिहिण्याचा प्रस्ताव एका संशोधन समितीपुढे ठेवला होता. 'विषयास वाङ्मयीन मूल्य नाही' एवढा एकच शेरा मारून तो परत आला. मार्गदर्शक म्हणून मी त्या बैठकीला उपस्थित होते आणि काही बोलले नाही. पीएच.डी. करताना उशाशी ठेवलेली धारपांची पुस्तके पाहुणे आले की कपाटात टाकण्याची सवय मलाही होतीच. तिने विषय बदलला, एका मान्यवर कादंबरीकारावर उत्तम प्रबंधिका लिहिली, आज ती महाविद्यालयात शिकविते. तिचे नुकसान झाले नाही असे कोणी म्हणेल. विभागाचे झाले, असे मला वाटते. जे निरीक्षण तेव्हाच नोंदले जायला हवे होते, ते एका खाजगी बैठकीतील फलकावर आले आणि पुसले गेले.

'वाङ्मयीन मूल्य' ही कसोटी तरी आपण सातत्याने लावतो का? मराठी कादंबरीच्या इतिहासात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आपण आवर्जून शिकवितो. त्या अद्भुतरम्य आहेत, मनोरंजनासाठी लिहिल्या गेल्या आणि आवडीने वाचल्या गेल्या. त्यांचा अभ्यास आपण मूल्यासाठी करीत नाही, त्या काळातील वाचक समजावा म्हणून करतो. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाचक समजण्यासाठी बाबुराव अर्नाळकर किंवा धारप का चालू नयेत? दीडशे वर्षे लोटण्याची वाट पाहायची असेल, तर तोपर्यंत पुस्तके उरतील का, हा खरा प्रश्न आहे.

तो आमच्यापुढे पहिल्याच महिन्यात आला. लेखनकालाच्या क्रमाने वाचावे असे आम्ही ठरविले होते. ते जमले नाही. फिरत्या वाचनालयांतून आलेल्या जुन्या प्रती अनेकदा पुन्हा बांधलेल्या असतात. त्या बांधणीत मुखपृष्ठ आणि प्रकाशनवर्षाचे पान हमखास गेलेले असते. साकेत प्रकाशनाने अलीकडच्या काळात धारपांची पुस्तके नव्याने उपलब्ध करून दिली, ही मोठीच सोय झाली. तथापि अभ्यासकाला पहिल्या आवृत्तीची गरज असते आणि ती आता रद्दीच्या दुकानात, पिवळ्या पडलेल्या, तुकडे होणाऱ्या कागदावर शोधावी लागते. आम्हाला आजवर सत्तरीच्या पुढे पुस्तके मिळाली. त्यांतील कितींचा कालक्रम खात्रीने सांगता येईल, असे विचारले तर आमचे ग्रंथपाल मित्र मान हलवितात.

२०१८ साली 'तुंबाड' प्रदर्शित झाल्यानंतर तरुण वाचकांत धारपांचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले. त्यातील आजीच्या प्रसंगामागे धारपांची 'आजी' ही कथा आणि तिच्याही मागे किंगची 'ग्रॅमा' (१९८४) असल्याचे सांगितले जाते. अमेरिकी कथा, मराठी कथा आणि हिंदी चित्रपट असा हा तीन टप्प्यांचा प्रवास तौलनिक अभ्यासाच्या विद्यार्थ्याला सहज हाती घेता येईल. तो त्याने पडद्यावरील चर्चेवर विसंबून न करता संहिता समोर ठेवून करावा, एवढी अपेक्षा मात्र ठेवायला हवी.

या सर्वांवरून माझ्या सूचना तीनच आहेत. पहिली, धारपांच्या लेखनाची वर्णनात्मक सूची हा संशोधनाचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य व्हावा. दुसरी, ज्या कृतींची मुळे ज्ञात आहेत त्यांचा मूळ संहितांशी तौलनिक अभ्यास मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून करावा. तिसरी, १९७०-८०च्या दशकांतील वाचनालयचालक आणि सभासद जोवर भेटू शकतात, तोवर त्यांच्या मुलाखती घेतल्या जाव्यात. या तिसऱ्या कामाला मुदत आहे. आमच्या ग्रंथपाल मित्रांनी ज्यांना पुस्तके दिली त्या सभासदांपैकी बरेच जण आज हयात नाहीत.

ही कामे एका संशोधकाने तीन वर्षांत उरकण्यासारखी नाहीत. चार-पाच जणांनी मिळून वाचावे, परस्परांची टिपणे तपासावीत आणि मतभेद नोंदवून ठेवावेत, अशी पद्धत त्यांना लागेल. एका नावावर एक प्रबंध या आपल्या चौकटीत ती बसत नाही, याची मला जाणीव आहे. पण अशा वाचनासाठी विभागातील एखादा शनिवार दुपारचा तास देण्याला कोणत्याही समितीची मान्यता लागत नाही. फलकावरील ते दोन रकाने आम्ही आता वहीत उतरवून घेतले आहेत, आणि या वेळी त्यांवर लेख त्या विद्यार्थिनीनेच लिहावा असे बैठकीत ठरले आहे.