जॅक लावण्याआधी पत्रा ठोकून बघा

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो. त्याच्या आसपासच्या एखाद्या रविवारी गाडीच्या खालीही एकदा बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल आणि मालवण, रत्नागिरी, अलिबाग, वसई किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत उभी राहत असेल, तर हे टाळूच नका. पाऊस संपलेला असतो, चिखल वाळलेला असतो आणि चार महिन्यांत गंजाने किती पत्रा खाल्ला ते उघड दिसतं.

पण खाली बघायचं तर गाडी उचलावी लागते. धोका तिथेच आहे.

मारुती 800 चं उदाहरण घ्या. 1983 च्या डिसेंबरात आलेली ही गाडी 2014 पर्यंत बनत होती आणि कोकणातल्या कितीतरी अंगणांत अजून उभी आहे. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. जॅक लावायच्या जागा दारांखालच्या कडेला असतात, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे. ही दाराखालची पट्टी आतून पोकळ असते. चाकांनी उडवलेला चिखल तिच्यात साचतो, पाणी निघून जायची भोकं बुजतात, आणि दर वेळी जॅक लावताना तिथलाच रंग खरवडला जातो. म्हणजे ज्या जागेवर गाडी उचलायची, बहुतेकदा तीच जागा आधी कुजते. वरून रंग ठीक दिसतो. जॅक वर सरकतो, पत्रा चुरगळून आत जातो आणि गाडी कलंडते.

म्हणून जॅक काढण्याआधी जमिनीवर बसा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती कड ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तर टोक जोरात दाबून बघा. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले, तर तिथे जॅक लावायचा नाही, लाकडाचा तुकडा मध्ये घालूनसुद्धा नाही. अशी गाडी खड्डा असलेल्या गॅरेजात न्या, किंवा जिथे ती चारही चाकांवर उभी राहते अशा रॅम्पवर घ्या. दोन खांबांच्या लिफ्टचे हात याच कडेला टेकतात, तेव्हा गॅरेजवाल्याला आधीच सांगा. अँबॅसिडरसारख्या गाडीला मागे सलग ॲक्सल असतो, ती त्याखाली ट्रॉली जॅक घालून उचलता येते. इंजिनाचं ऑइल चेंबर, पेट्रोलची टाकी आणि मधला सपाट फ्लोअर मात्र कुठल्याही गाडीत जॅकसाठी नाहीत.

कड मजबूत निघाली तरी घाई नको. जागा सपाट आणि टणक हवी. अंगणातली माती पावसानंतर बरेच दिवस मऊ राहते, तिथे जॅकखाली जाड फळी घाला. त्याहून बरं म्हणजे गाडी काँक्रीटवर न्या. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, कारण अडकलेला नट ओढताना बसणारा हिसका गाडी जॅकवरून पाडायला पुरतो.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आता गाडी हलत नाही, असा भरवसा धरू नका. मारुतीत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअर पुढच्या. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक निकामी. पुढचं एक चाक उचललं की गिअरचा उपयोग नाही, कारण डिफरन्शियलमुळे ते चाक हवेत मोकळं फिरतं. अँबॅसिडरमध्ये तर दोन्ही गोष्टी मागच्याच चाकांवर आहेत. मागची बाजू उचललीत की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीसोबत मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. हायड्रॉलिक जॅकचं सील म्हातारं झालं की तो नकळत खाली बसतो, कधी एकदम बसतो. खाली सरपटायचं असेल तर लोखंडी स्टँड, ज्याला गॅरेजात घोडी म्हणतात, ती जोडीने लावा आणि गाडीचा भार त्यांवर उतरवा. घोडीसुद्धा ठोकून पारखलेल्या मजबूत जागेखालीच हवी. कोकणात घरोघर चिरे असतात, म्हणून गाडीखाली चिरा ठेवायची सवय आहे. ती कृपा करून सोडा. जांभ्याचा चिरा भिंतीत पसरलेला भार छान पेलतो, पण एका टोकावर वजन आलं की आधी काहीही न दाखवता फुटतो. वीट आणि पोकळ सिमेंट ब्लॉकही तसेच. सुट्टं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही निसटलंच तर गाडी आधी त्यावर बसेल. मग आत जाण्यापूर्वी गाडीला बाजूने दणकून ढकला. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असताना हलू दे. घरात कुणालातरी सांगा, पोरांना लांब ठेवा आणि एकट्याने हे काम करू नका.

खाली गेल्यावर डोळ्यांना गॉगल हवाच. आडवं झोपून तारेचा ब्रश चालवला की गंज थेट डोळ्यांत पडतो.

पावसाचं पाणी गंज धरवतं, मीठ त्याचा वेग वाढवतं. हौसेने गाडी समुद्राच्या वाळूवर नेणाऱ्यांनी तिला त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुतलं पाहिजे. खरं तर न्यायलाच नको. पुरात बुडालेल्या गाड्यांचं दुखणं आणखी खोल असतं. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या पोकळ पट्ट्यांत गाळ बसला. असा गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो. तेव्हा पट्टीखालची आणि दारांखालची भोकं तारेने मोकळी करा. पायाखालचं मॅट आणि कार्पेट उचला, कारण फ्लोअर पुष्कळदा वरून, ओल्या कार्पेटखाली कुजतो.

वरवरचा गंज घरी आवरता येतो. धुऊन पूर्ण वाळवा, ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खाचाखोचांत जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा. मग झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर आणि वर रंग. पोकळ भागांत मेणाचा फवारा मारा. गंज न काढता वरून जाड काळं कोटिंग मारणं ही पैसे देऊन केलेली फसवणूक आहे. ओल आत कोंडते आणि कुजणं दिसेनासं होतं. जुनं इंजिन ऑइल खाली फासू नका, त्याने रबरी बुश फुगतात आणि ते ब्रेकवर गेलं तर ब्रेक धरत नाही.

भोक पडलं असेल तर पुट्टी किंवा एम-सीलने बुजवू नका. धड पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडून घ्या. बॅटरी सोडलेली, कार्पेट काढलेलं आणि जवळची पेट्रोलची टाकी किंवा सीएनजी सिलिंडर उतरवलेला असल्याशिवाय वेल्डिंग सुरू होऊ देऊ नका. फ्लोअरखालून जाणारी ब्रेकची लोखंडी नळीही बघा. तिला खपल्या धरल्या असतील तर घासत बसू नका, बदला.

सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं, सीटबेल्ट जिथे आवळलेले असतात, आणि दाराखालच्या दोन्ही पट्ट्या, हे सगळंच सडलं असेल तर गाडी कितीही लाडकी असली तरी तिच्यात घरच्यांना बसवू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासली जाते, पण त्या तारखेची वाट पाहू नका. यंदाच्या दसऱ्याआधी दोन दणकट घोड्या विकत आणा आणि त्यांच्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.