खड्ड्यातले खत आणि करवंदाचे रोप

दरवर्षी आषाढात शाळांच्या आवारात रोपे लावली जातात. खड्डा घ्यावा, तळाशी शेणखताचे घमेले रिते करावे, वर मूठभर डीएपी टाकावे आणि रोप लावून पाणी घालावे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नच विचारीत नाही. आमच्या मते तो आता विचारला पाहिजे. गुलमोहर व ग्लिरिसिडिया यांच्या पलीकडे जाऊन आपण करवंद, तरवड, धायटी, निरगुडी अशा देशी झुडपांकडे वळू पाहत आहोत. आणि या झुडपांची भूक उसाची नव्हे.

दख्खनच्या बेसॉल्टवर तयार झालेल्या मुरमाड जमिनीत पालाश व चुना बहुधा पुरेसा असतो. उणीव असते ती नत्राची, स्फुरदाची आणि त्याहून अधिक सेंद्रिय कर्बाची. कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी भरला की माती परीक्षणात तो 'कमी' म्हणून नोंदविला जातो. जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरे, तेच वाढीची मर्यादा ठरविते, हा लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शेतीत सर्वपरिचित आहे. त्यावरून 'अपुरे ते ओता' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. रानच्या रोपाच्या बाबतीत तो फसतो.

डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. नत्र सहज मिळाले की रोप मुळांपेक्षा पानांवर अधिक खर्च करते. श्रावणात ते टवटवीत दिसते, छायाचित्रही उत्तम येते. परंतु फाल्गुनात ओल खाली उतरते तेव्हा पानांचा भार मोठा आणि मुळे उथळ, अशी त्याची अवस्था होते. शिवाय त्या नत्राचा मोठा वाटा आधी गवत व गाजर गवतच उचलते आणि रोप त्यांच्या सावलीत गुदमरते.

स्फुरदाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चुनखडीच्या जमिनीत घातलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि मुळांना दुर्मीळ होते. निसर्गात हे काम मायकोरायझा नावाची बुरशी करते. तिचे तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडे जाऊन स्फुरद व पाणी आणतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. खड्ड्यात विरघळणारे स्फुरद मुबलक असले तर रोप हे सख्य कमी करते; पुढे खत संपते आणि साहाय्यकही जवळ नसतो. (जाता जाता एक सांगावेसे वाटते: तरवड शेंगवर्गीय असल्यामुळे तो स्वतःचे नत्र स्वतः मिळवितो असे अनेकजण समजतात. त्याच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. ते काम शेवरी करते.)

रोपांना उपाशी ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. इमारतीसाठी वरचा थर खरवडून नेलेला असेल आणि मागे केवळ मुरूम व राडारोडा उरला असेल, तेथे कुजलेल्या खताशिवाय काहीच उभे राहणार नाही. मात्र ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी व वाळवी येते. ते तळाशी न घालता वरच्या मातीत थोडेसे मिसळावे, म्हणजे मुळे खड्ड्यातच घोटाळत न राहता खडकाच्या भेगा शोधू लागतात. त्यासोबत जुन्या करवंदाच्या जाळीखालची ओंजळभर माती घालावी. ती बुरशी तेथेच असते.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील भाज्यांची देठे व साली यांचे खत आवारातच करता येते; खरकटे मात्र मिठामुळे त्यात नको. चुलीची राख आधीच विम्ल असलेल्या काळ्या जमिनीत टाकू नये. आणि शिशिरात गळणारा पाला झाडून पेटवून देण्याची प्रथा तर तातडीने थांबवावी, कारण त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते.

पालक व माजी विद्यार्थी वृक्षारोपणासाठी आपुलकीने खताच्या गोण्या देतात. त्यांना आमची विनंती आहे की यंदा त्याऐवजी माती परीक्षणाचा खर्च उचलावा आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांतील पाण्याची जबाबदारी घ्यावी. ज्यांच्या शेताच्या बांधावर करवंदाची जुनी जाळी असेल, त्यांनी येताना पिशवीभर माती आणावी.