बिनतारणी विश्वास

तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो, तेव्हा आमच्या बँकेत हातगाडीवाल्यांसाठी बिनतारणी कर्जाची योजना आली. एका मध्यस्थाने दहा-बारा बनावट कर्जदार आणून उभे केले, कर्जे थकली आणि वरून हुकूम आला: योजना बंद. न चुकता हप्ते फेडलेली भाजीवाली दुसऱ्या कर्जासाठी आली, तेव्हा तिला काय सांगावे ते मला सुचेना. मध्यस्थ मात्र महिन्याभरात दुसऱ्या बँकेच्या पायरीवर दिसला.

इराणची बातमी वाचताना ती भाजीवाली आठवली. ४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने साध्या पारपत्रावरील भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला होता. अटी मोजक्याच: विमानाने यावे, जास्तीत जास्त पंधरा दिवस राहावे, सहा महिन्यांतून एकदाच यावे. व्हिसा हेही एक तारणच. ते न मागता त्या देशाने आपल्यावर विश्वास टाकला होता.

त्याचा फायदा उठवला दलालांनी. नोकरीचे किंवा तिसऱ्या देशात पोचवण्याचे आमिष दाखवून माणसे तिकडे नेली गेली आणि अनेकांना खंडणीसाठी डांबले गेले. मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेले पंजाबचे तीन तरुण तेहरानमध्ये बेपत्ता झाले. पुढच्या महिन्यात पोलिसांनी त्यांना सोडवले. अखेर २२ नोव्हेंबर २०२५ पासून सवलत स्थगित झाली. नुसते इराणमार्गे पुढे जायचे असले, तरी व्हिसा आवश्यक ठरला.

इराणला दोष देववत नाही. प्रश्न माणसांच्या जिवाचा होता. पण भुर्दंड पडला तो इस्फहानच्या मशिदी पाहू इच्छिणाऱ्या सरळमार्गी प्रवाशाला. ज्या फारसीने मराठीला 'परवाना' हा शब्द दिला, तिच्या मुलखात शिरायला पुन्हा परवाना आला! दलालाचे काय बिघडले? तो दुसरा देश शोधील.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. पर्यटक म्हणून धाडलेला माणूस या चौकटीबाहेरच राहतो. म्हणून दलालाविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात विमान सुटण्याआधीच गांभीर्याने घेतली गेली पाहिजे आणि घरच्यांनीही शेत गहाण टाकण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक मागितला पाहिजे.

सवलत बंद करायला एक सही पुरते. मी तशी सही केलेली आहे, म्हणून सांगतो: तिने लबाड माणूस अडत नाही, भाजीवाली मात्र रिकाम्या हाताने परत जाते.