बागेचें कुलूप

गेल्या महिन्यांत एके दिवशीं भर दुपारीं दीडच्या सुमारास आम्ही कांहीं कामानिमित्त बाहेर पडलों असतां, कोपऱ्यावरील सार्वजनिक बागेच्या फाटकापाशीं आमच्याच घरीं पोळ्या करावयास येणाऱ्या बाई दिसल्या. खांबाच्या हातभर सावलींत डबा उघडून त्या जेवत होत्या. आंत वडाखालीं बांकें रिकामीं, आणि फाटकास कुलूप. "बाई, आंत कां नाहीं बसलांत?" असें आम्हीं विचारतांच त्या हसून म्हणाल्या, "आमची सुटी एक ते चार, आणि बागेचीही तेवढीच."

या उत्तरानें आम्हांस लाज वाटली, आणि तिचें कारण वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. दुपारीं बाग बंद ठेवावी असा जो अर्ज कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आळींतून गेला, त्यावर आमचीही सही होती. तेथें रिकामटेकडे पत्ते कुटतात, जोडपीं बसतात, हें घरांतील वडील मंडळींस खपत नसे. तक्रार खोटी नव्हती. परंतु पत्तेवाले दुसऱ्या पारावर गेले. कुलूप लागलें तें पोळ्या करणाऱ्या बाईंस, पहारेकऱ्यास आणि घरोघर सामान पोंचविणाऱ्या मुलांस. ज्यांच्या घरीं पंखा व पलंग आहे त्यांच्या फिरण्याच्या वेळा पाहून बाग उघडावी, आणि ज्यांस दुपारीं टेकावयास जागा नाहीं त्यांच्या वेळेस ती मिटावी, हा न्याय आम्हांस तेव्हां सुचला तरी कसा!

1923 सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत ठराव आणला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या कराव्या असें ठरलें. ठराव झाला, तरी पाणी मिळावयास महाडचा सत्याग्रह करावा लागला. पुढें 1950 सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्याच पंक्तीस सरकारी खर्चानें राखलेलीं सार्वजनिक वावराचीं ठिकाणें बसविलीं आहेत. बागेच्या फाटकावर आज जात कोणी विचारीत नाहीं, हें खरें. परंतु फाटकाबाहेर कोण बसतें हें आपल्याच घरांतील स्वयंपाकीण, मोलकरीण, माळी यांच्यावरून प्रत्येकानें एकदां मोजून पाहावें.

जागाच मुळांत थोडी आहे. केंद्र सरकारच्या 2014 सालच्या नगररचनाविषयक मार्गदर्शक सूचनांत माणशीं 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. मुंबईकराच्या वांट्यास जें येतें तें त्याच्या पासंगासही पुरत नाहीं. त्याच शहरांत महालक्ष्मीचें 211 एकरांचें मैदान शंभर वर्षांहून अधिक काळ मुख्यतः घोड्यांच्या शर्यतींकरितां राहिलें. 2024 सालीं त्यांतील 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठीं देण्याचें ठरलें. तें उद्यान कोणत्या वेळीं कोणास उघडें राहतें, तें पाहावयाचें. 1925 पासून मुंबईकरांचें असलेलें सुमारें 28 एकरांचें शिवाजी पार्क मात्र निराळें. त्याच्या सभोंवारच्या कट्ट्यावर बसण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. पेन्शनर, क्रिकेट खेळणारीं पोरें आणि भेळवाला यांची तेथें एकमेकांस संवय झाली आहे, आणि बिघडलें तर कांहींच नाहीं.

दुपारीं झाडलोट करावी लागते, माळ्यासही विसावा हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण अर्धी बाग झाडतांना अर्धी उघडी ठेवतां येते. बंगळूरमध्यें 2024 सालीं महापालिकेच्या बागा पहाटे 5 पासून रात्रीं 10 पर्यंत उघड्या ठेवण्याचें जाहीर झालें. तेथेंही माळी माणसेंच आहेत.

आम्हीं नवा अर्ज लिहिला आहे. खालीं घरांतील सात सह्या झाल्या. थोरल्या काकू म्हणतात, "आधीं पत्तेवाल्यांचें काय करणार तें सांगा." त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, आणि अर्ज अजून दिवाणखान्यांतील कोनाड्यांत पडून आहे. बाई रोज साडेबाराला पोळ्या आटोपून डबा घेऊन निघतात. गेल्या आठवड्यापासून काकूंनीं त्यांना ओसरीवर बसून जेवा म्हणून सांगितलें आहे.