एडिटरमध्ये शब्दकोश हवाच; पण ‘पाण्याने’मधले ‘पाणी’ ओळखणारा!

लिहिताना शब्द अडला की ब्राउजर उघडावा लागतो आणि लेखनाची तंद्री मोडते. शब्दकोश टेक्स्ट एडिटरमध्येच जोडला तर हे टळते. पण मराठीत नुसती शब्दांची यादी पुरत नाही. कोशात ‘पाणी’ असते, मजकुरात ‘पाण्याने’, ‘पाण्यातून’. एडिटरला मूळ शब्द ओळखता आला नाही, तर अर्थ सापडणार कसा?

लिबरऑफिसमधले ‘हनस्पेल’ इथे उपयोगी पडते. प्रत्ययबहुल हंगेरियन भाषेसाठी घडलेले हे मुक्त सॉफ्टवेअर दोन फाइल वाचते. एकीत शब्द, दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो याचे नियम. नियम अपुरे असतील तर बरोबर शब्दांखालीही लाल रेघ येते आणि वैतागून लेखक तपासणीच बंद करतात. त्यामुळे शब्दसंख्या वाढवण्याआधी सामान्यरूपाचे नियम पक्के करायला हवेत.