वाकनीसच लिहा

आमचं आडनाव वाकनीस. रेशनकार्डावर ते 'वाघनीस' झालं, तेव्हा कारकून म्हणाला, "चालतंय की!" मला नाही चालत. फारसीतल्या 'वाकियानवीस'चं, म्हणजे घडामोडी लिहून ठेवणाऱ्याचं, हे मराठी रूप. शिवछत्रपतींच्या काळी वाकनीस राजांची दिनचर्या टिपायचा. भोजन, निमंत्रणं, भेटीला कोण येतं, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. १६७४च्या राज्याभिषेकावेळी हुद्द्याला 'मंत्री' हे नाव मिळालं. आडनाव मात्र टिकलं. चिटणीस, फडणीस ही त्याचीच भावंडं. पारसनीस तर फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे. एक अक्षर बदललं की हा सगळा माग पुसला जातो. कचेरीची चूक सुधारायला प्रतिज्ञापत्र आणि खेटे आमच्या माथी कशाला? शाळेचा जुना दाखला दाखवताच दुरुस्ती तिथल्या तिथे झाली पाहिजे.